न मिळालेल्या पदकाचा रकाना

सेवापुस्तक म्हणजे काय, हे ते वाचणाऱ्यापेक्षा भरणाऱ्याला अधिक कळते. मी गेली एकतीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सेवापुस्तके भरतो आहे. नियुक्तीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढ, रजा, शिक्षा, बढती, निवृत्ती. माणूस वीस-तीस वर्षे उन्हातान्हात राबतो आणि शेवटी चाळीस-पन्नास पानांत मावतो. त्या पानांत काय येते हे मला ठाऊक आहे. काय येत नाही, तेही ठाऊक आहे. या लेखात मी जे मांडणार आहे, त्याला इतिहासाच्या पदवीचा आधार नाही. आहे तो या टेबलावरच्या नोकरीचा.

रशियन भाषेचा नाद मला लागला तो स्वस्त सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांतून. आमच्या गावात वर्षातून एकदा ते प्रदर्शन भरे. एकदा गोष्टींच्या पुस्तकांबरोबर रशियन शिकवणारे एक पुस्तक घेतले आणि त्याच्याच बळावर पुढची वाट काढली. आजही मला कोणी रशियन बोलायला उभे केले तर दोन वाक्यांत अडखळेन. पण शब्दकोश हाताशी असेल तर वाचतो, आणि तळटीपा तर आवडीने वाचतो.

काही वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयात ‘सैनिक टॉलस्टॉय’ या विषयावर मी बोललो. चरित्रांतून फिरणारी एक गोष्ट मी त्या दिवशी रंगवून सांगितली. कॉकेशसच्या लढाईत शौर्य गाजवल्याबद्दल तरुण टॉलस्टॉयला सेंट जॉर्जचा क्रॉस मिळणार होता. पण तुकडीच्या प्रमुखाने त्याला सुचवले की, हे पदक एखाद्या म्हाताऱ्या शिपायाला मिळाले तर त्याच्या निवृत्तिवेतनाची सोय होईल, आणि टॉलस्टॉयने ते आनंदाने सोडून दिले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त शिपाई माझ्याजवळ आले. सैन्यातले नव्हेत, आमच्याच कार्यालयातले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, मग त्या म्हाताऱ्याला पेन्शन मिळाली का?”

मी गप्प झालो. त्या म्हाताऱ्याचे नाव मला सांगता येत नव्हते, गाव नाही, आदेशाचा क्रमांक नाही. आणि काकांनी तो प्रश्न का विचारला, हेही मला ठाऊक होते. त्याविषयी पुढे सांगतो. त्या प्रश्नापायी मी टॉलस्टॉयच्या लष्करी नोकरीची सुरुवातीची वर्षे पुन्हा उघडली, आणि या वेळी चरित्रे बाजूला ठेवून कागदांपासून आरंभ केला.

कागद आहेत, आणि भरपूर आहेत. टॉलस्टॉयच्या समग्र साहित्याची ९० खंडांची आवृत्ती १९२८ ते १९५८ या काळात निघाली. तिच्यात दैनंदिनी आणि पत्रे तर आहेतच, शिवाय संपादकांनी जागोजागी अभिलेखागारांतले सरकारी कागद टिपांत उतरवून दिले आहेत. हे पुस्तक कोणीही विनामूल्य पुन्हा छापावे, अशी परवानगी त्या खंडांवर छापलेली आहे. आणि २०१३ पासून हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांतून सगळे खंड संगणकावर वाचायला मिळतात. म्हणून तर माझ्यासारख्याला तालुक्याच्या गावी बसून हे करता आले. दुसरा आधार निकोलाय गुसेव्ह यांचा. टॉलस्टॉयच्या उतारवयात ते काही काळ त्यांचे चिटणीस होते. पुढे आयुष्यभर त्यांनी चरित्राची साधने गोळा केली आणि १८२८ ते १८५५ या वर्षांचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियन सैन्याचे जुने दप्तर आज मॉस्कोतील लेफोर्तोवो राजवाड्यात आहे. तिथे मी गेलेलो नाही. ज्यांनी तिथले कागद उतरवून छापले, त्यांच्या खांद्यावर बसून मी पाहतो आहे.

रशियन अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकाला ‘फॉर्म्युल्यार्नी स्पीसोक’ म्हणत. त्याचे रकाने पाहिले तेव्हा मला हसू आले, कारण ते आमच्यासारखेच होते. हुद्दा, नाव, वय, धर्म, मिळालेली पदके, वेतन. कुळ कोणते, जमीनजुमला किती, शिक्षण कुठे झाले. नोकरीत केव्हा शिरला आणि एकेक हुद्दा कोणत्या वर्षी, महिन्यात, तारखेला चढला. कोणत्या मोहिमांत होता. शिक्षा झाली का, रजेवरून वेळेत परतला का, बढतीला लायक आहे का, लग्न झाले आहे का. तारखा सगळ्या जुन्या रशियन पंचांगाच्या, म्हणजे त्या शतकात आपल्या आजच्या तारखेहून १२ दिवस मागे. मीही इथे त्याच दिल्या आहेत.

आता गोष्ट. १८५१ च्या वसंतात २२ वर्षांचा लेव्ह टॉलस्टॉय थोरला भाऊ निकोलाय याच्याबरोबर कॉकेशसला गेला. विद्यापीठ अर्धवट सोडलेले, पत्त्यांत झालेले कर्ज डोक्यावर, पुढे काय करायचे याचा पत्ता नाही. भाऊ तोफखान्यात अधिकारी होता. तेरेक नदीकाठच्या स्तारोग्लादकोव्स्काया या कझाक गावात त्याची तुकडी होती. लेव्हने आधी नुसता पाहुणा म्हणून एका चढाईत भाग घेतला, आणि मग आपणही सैन्यात शिरावे असे ठरवून शरद ऋतूत तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, अर्ज घेऊन गेला.

तिथे तो अडकला तो एका कागदापायी. गावाकडे असताना त्याने तुला प्रांताच्या उमराव सभेच्या कचेरीत नावापुरती कारकुनी धरली होती. कचेरीत तो फारसा बसलाही नसेल. पण नाव हजेरीपटावर होते, आणि मुलकी नोकरीतून मोकळे केल्याचा हुकूम हाती आल्याशिवाय लष्करी नोकरीत नाव चढत नव्हते. हा नियम वाचताना मला अगदी घरच्यासारखे वाटले. कार्यमुक्तीचा आदेश आल्याशिवाय रुजू करून घेता येत नाही, हे वाक्य मी स्वतः किती जणांना सुनावले असेल! तिफ्लिसमध्ये तो आजारी पडला, पैसे संपले, कागद येईना. जानेवारी १८५२ मध्ये त्याने परीक्षा दिली; तेव्हा वरिष्ठांनी मधला मार्ग काढला. त्याने गणवेश घालून २० व्या तोफखाना ब्रिगेडच्या चौथ्या बॅटरीत काम सुरू करावे, तुलाहून हुकूम आला की रीतसर नोंद होईल.

म्हणजे तो तोफेपाशी उभा होता, पण पुरता सैनिक झालेला नव्हता.

अशा अधांतरी अवस्थेत फेब्रुवारीची मोहीम आली. १७ आणि १८ फेब्रुवारी १८५२ या दोन दिवशी चेचन्यात चकमकी झाल्या. १८ तारखेला तो जी तोफ रोखत होता तिच्या चाकावर शत्रूचा गोळा येऊन आदळला. हातभर इकडचा तिकडे झाला असता तर ‘युद्ध आणि शांती’ लिहिली गेली नसती. या मोहिमेत क्रॉससाठी त्याची शिफारस होऊ शकली असती. झाली नाही, कारण तुलाहून हुकूम आलेला नव्हता. त्याच वर्षी तात्याना येर्गोल्स्काया या आत्याला (नात्याने लांबच्या, पण त्याला वाढवले ते त्यांनीच) लिहिलेल्या पत्रात त्याने त्या कागदाच्या नावाने बोटे मोडली आहेत. कागद थोड्या दिवसांसाठी उशिरा आला आणि क्रॉस गेला, असे त्याचे दुखणे. हा क्रॉस त्याला हवा होता, आणि आत्यांना आनंद व्हावा म्हणूनही हवा होता.

पण फक्त पत्र वाचून थांबलो असतो तर मी पुन्हा फसलो असतो. चकमकीनंतर दहा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, त्याने दैनंदिनी लिहिली आहे. तिथे कागदाची तक्रार नाही. तक्रार स्वतःविषयी आहे. धोक्याच्या वेळी आपण अगदी शांत, थंड डोक्याचे राहू अशी कल्पना करायला आपल्याला आवडायचे, पण १७ आणि १८ तारखेला आपण तसे नव्हतो, असे तो कबूल करतो. ज्या दोन दिवसांसाठी आपल्याला शौर्यपदक मिळायला हवे होते असे तो आत्यांना सांगतो, त्याच दोन दिवसांविषयी स्वतःला सांगताना त्याचा सूर वेगळा आहे. यातले खरे कोणते, असे विचारण्यात अर्थ नाही. तोफ त्याने सोडली नाही हे खरे, आणि पोटात गोळा आला हेही खरे. सेवापुस्तकाच्या मोहिमांच्या रकान्यात या दोन्हींपैकी एकालाही जागा नाही.

वर्षभराने पुन्हा तोच महिना. १८५३ च्या आरंभी शामिलच्या फौजेविरुद्ध मोठी मोहीम निघाली. १७ फेब्रुवारीला काचकालिक डोंगराच्या बाजूला, मिचिक नदीपाशी तोफखान्याने चांगले काम केले. या वेळी टॉलस्टॉयचे कागद पुरे होते, शिफारसही झाली. आणि पदक वाटायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ कैदेत! घरच्यांच्या आठवणी सांगतात की आदल्या रात्री तो बुद्धिबळात रमला आणि पहाऱ्यावर गेलाच नाही. अटक मात्र आठवणींवर अवलंबून नाही. १० मार्च १८५३ ची दैनंदिनी आहे. क्रॉस मिळाला नाही, उलट अटक झाली, या नोकरीने आपल्याला काही दिले नाही, ती लवकर संपवावी, असा वैताग तिथे आहे. नशिबाने साथ दिली नाही याचे वाईट वाटते, आणि तो क्रॉस म्हणजे मूर्खपणा असला तरी मिळाला असता तर फार बरे वाटले असते, हेही त्याने लपवलेले नाही. चोवीस वर्षांच्या मुलाचे इतके सरळ वाक्य मला त्याच्या उतारवयातल्या पुष्कळ उपदेशांपेक्षा जवळचे वाटते.

त्या नोंदीत म्हातारा शिपाई नाही.

शिपायाची गोष्ट येते ती पुष्कळ नंतर, टॉलस्टॉय जगभर थोर पुरुष झाल्यावर, कुटुंबीयांच्या आणि चरित्रकारांच्या लेखणीतून. पावेल बिऱ्युकोव्ह यांचे मोठे चरित्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ लागले, आणि स्वतः टॉलस्टॉयने त्यासाठी आठवणी पुरवल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणी! मी कोणाला खोटे ठरवत नाही. असे काही घडले नसेलच असेही नाही, कारण गोष्टीचा गाभा वस्तुस्थितीला धरून आहे. शिपायांसाठी असलेला हा क्रॉस १८०७ पासून दिला जाई. तो मिळाला की पगारात एक तृतीयांश वाढ होई, आणि शिपाई शारीरिक शिक्षेतून मुक्त होई. ज्या सैन्यात माणसाला दोन रांगांमधून फिरवून छड्यांनी फोडून काढत, तिथे ही सूट म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. टॉलस्टॉयला क्रॉस म्हणजे आत्यांना पाठवायच्या पत्रातली चार ओळींची आनंदवार्ता होती. शिपायासाठी तो पाठीच्या कातडीचा प्रश्न होता. त्यामुळे तुकडीचा प्रमुख तसे बोलला असेल हे पटते. पण पटणे वेगळे आणि नोंद असणे वेगळे. घटनेच्या दिवसाच्या नोंदीत ओशाळलेला, चिडलेला तरुण आहे. पन्नास वर्षांनंतरच्या गोष्टीत उदार संत आहे. या दोघांत मला निवड करायची असेल तर मी चिडलेल्याला धरतो, आणि व्याख्यानात मी संताला धरले होते, ही माझी चूक.

पुढचा प्रवास सेवापुस्तक भराभर सांगते आणि मीही भराभर सांगतो. १८५३ मध्येच त्याने राजीनामा देऊ केला, पण तुर्कस्तानशी युद्ध पेटल्याने सुटका झाली नाही. जानेवारी १८५४ मध्ये तो अधिकारी झाला, सगळ्यांत खालच्या पायरीचा. डॅन्यूब नदीवरच्या सैन्यात काही महिने, मग ७ नोव्हेंबर १८५४ ला सेवास्तोपोल. शिपायांसाठी एक मासिक काढायची त्याची आणि मित्रांची योजना झार निकोलसने नाकारली. जानेवारी १८५५ मध्ये दोन दिवस, दोन रात्री पत्ते खेळून तो यास्नाया पोल्यानातले जन्मघर विकून आलेले पैसे हरला. (यालाही रकाना नाही.) एप्रिल आणि मेचा अर्धा महिना तो चौथ्या बुरुजावर होता, वेढ्यातली ती फार धोक्याची जागा. सेवास्तोपोलच्या बचावात घालवलेला एकेक महिना नोकरीचे एकेक वर्ष धरावा, असा झारचा हुकूम डिसेंबर १८५४ मध्ये निघाला होता. हुकूम काढणाऱ्याने ठरवले तर महिन्याचे वर्ष होते.

इथे एक छोटे वळण घेतो, कारण ते आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. त्याच १८५५ च्या जूनमध्ये इंग्रज-फ्रेंचांचा मोठा हल्ला सेवास्तोपोलच्या तटावर फसला, आणि त्यानंतर वेढ्याच्या इंग्रज बाजूला एक हिंदी माणूस रशियन तोफा पाहायला आला. तो म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा वकील अझीमुल्ला खान. लंडनमध्ये पेशव्यांच्या तनख्याचा अर्ज फेटाळला गेल्यावर परतीच्या वाटेवर तो मुद्दाम तिथे गेला. ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल याने त्याची भेट पुढे लिहून ठेवली म्हणून आपल्याला हे कळते. टॉलस्टॉय तेव्हा बुरुजावरून हलून बेलबेक नदीकाठी डोंगरी तोफांच्या तुकडीवर होता. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. पण इंग्रजांनाही मागे रेटता येते हे पेशव्यांच्या माणसाने जिथे पाहिले, ती जागा या लेखाच्या नायकापासून काही कोसांवरच होती.

२७ ऑगस्ट १८५५ ला सेवास्तोपोल पडले. आणि आता मला या सगळ्या कागदांतला जो प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो येतो. तोफखान्याच्या मुख्यालयातील अधिकारी क्रिझानोव्स्की यांनी टॉलस्टॉयला एक काम दिले. शेवटच्या हल्ल्याविषयी वेगवेगळ्या बुरुजांवरच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेले अहवाल एकत्र करून त्यांचा एक अहवाल तयार करायचा. थोडक्यात, त्याला माझ्या टेबलावर बसवले. तो घेऊन तो पीटर्सबर्गला गेला.

तेरा वर्षांनी, ‘युद्ध आणि शांती’ छापली जात असताना, ‘रुस्की आर्खिव्ह’ या इतिहासविषयक नियतकालिकात त्याने आपल्या कादंबरीविषयी एक लेख लिहिला. त्यात या अहवालांची आठवण आहे. वीसहून अधिक अहवाल त्याच्याकडे आले होते. हुकूम झाला म्हणून अधिकाऱ्यांनी लिहिले. आणि धुराने भरलेल्या बुरुजावर ज्या गोष्टी त्यांना दिसणे शक्यच नव्हते, त्याही लिहिल्या. त्यांच्या प्रती आपण करून ठेवल्या नाहीत याची त्याला खंत वाटते, कारण लष्करी खोटेपणा किती निरागस आणि किती अपरिहार्य असतो याचा तो उत्तम नमुना होता. लढाईनंतर एकदोन दिवसांत, अहवाल लिहिले जाण्याआधी, सैनिकांत फिरून विचारा, म्हणजे गोंधळाचे खरे चित्र मिळेल. एकदा अहवाल झाला की सगळे तोच सांगू लागतात, असे त्याचे म्हणणे आहे.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले. जो माणूस कागद उशिरा आला म्हणून हळहळला, त्यानेच पुढे कागद स्वतः तयार केला आणि त्याच्या आत काय भरलेले असते ते पाहिले. कागदाची दोन्ही टोके त्याने धरली होती. शेवटच्या वर्षांत लिहिलेल्या ‘हाजी मुरात’मध्ये आवदेयेव्ह नावाचा शिपाई एका फुटकळ चकमकीत मरतो. तीच चकमक सरकारी अहवालात मोठी लढाई होते, शत्रूचे शंभरएक लोक पडतात, आणि आवदेयेव्ह एका आकड्यापुरता उरतो. हे प्रकरण मी पूर्वी कादंबरीकाराची कल्पकता म्हणून वाचत होतो. आता मला त्यात अहवाल जुळवणारा सत्तावीस वर्षांचा अधिकारी दिसतो. आणि गंमत अशी की, याच कादंबरीसाठी म्हातारपणी त्याने ठिकठिकाणी पत्रे लिहून अभिलेखागारांतले कागद मागवले. कागदावर विश्वास नाही आणि कागदावाचून चालतही नाही.

सेवापुस्तकाचा शेवट असा : सेवास्तोपोलसाठी ‘शौर्याबद्दल’ असे शब्द असलेला सेंट ॲन पदकाचा चौथा वर्ग, चोर्नाया नदीवरच्या लढाईसाठी मार्च १८५६ मध्ये लेफ्टनंटचा हुद्दा, २६ नोव्हेंबर १८५६ ला निवृत्ती. सेंट जॉर्जचा क्रॉस नाही. न मिळालेल्या पदकासाठी सेवापुस्तकात रकाना नसतो.

आता काकांविषयी. ते आमच्याकडे रोजंदारीवर लागले तेव्हा मी नवा होतो. पाणी, फायली, टपाल, रात्रीचा पहारा, सगळे करत. कायम नेमणुकीचा आदेश यायला नऊ वर्षे लागली. आदेश आला त्या दिवशी मीच त्यांचे सेवापुस्तक उघडले आणि पहिल्या पानावर रुजू होण्याची तारीख त्या दिवसाची लिहिली. दुसरी लिहिता येत नव्हती. त्या तारखेमुळे त्यांचे निवृत्तिवेतन किती कमी बसले, याचा हिशेबही मीच केला. नऊ वर्षांच्या हजेरीची पाने मी डोळ्यांनी पाहिलेली होती. पुढे कार्यालय नव्या इमारतीत गेले तेव्हा ती रद्दीत गेली.

या दिवाळीआधी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, “काका, त्या म्हाताऱ्या शिपायाची गोष्ट मी पुराव्याशिवाय सांगितली होती. त्याची नोंद नाही. पण पहिल्या वर्षी टॉलस्टॉयला क्रॉस मिळाला नाही, कारण त्याचा कागद आला नव्हता. ते पत्रात आहे.”

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, “कागद आला नव्हता तरी तोफेवर उभा होता ना?”

“होता.”

“तेवढे लिहा.”